टाइमशीटमध्ये शिकवण्याला कोड द्या: सॉफ्टवेअर कंपन्यांच्या व्यवस्थापकांना खुले पत्र

पुणे, १९ फेब्रुवारी

प्रति,
पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे डिलिव्हरी हेड, इंजिनिअरिंग मॅनेजर आणि एचआर प्रमुख यांस

विषय: शिकवण्यात गेलेल्या तासांना टाइमशीटमध्ये आणि अप्रेझलमध्ये जागा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आजच्याच तारखेला, २०१४ साली, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी इथे जिम वायरिक हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. वय ५७. नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या कंपनीत रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं एखादं जरी ॲप्लिकेशन चालत असलं, तरी या माणसाने लिहिलेला कोड तुमच्या सर्व्हरवर आत्ता या क्षणी बसलेला आहे. त्यांनी लिहिलेल्या रेक नावाच्या साधनाच्या लायसन्सची फाइल उघडा, पहिल्या काही ओळींतच कॉपीराइटपुढे त्यांचं नाव दिसेल. २००७ पासून रुबीबरोबरच रेक येतो, वेगळा मागवावा लागत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर त्यांनी ठेवलेला शेवटचा कोडही अजून तिथेच आहे. त्याखाली जगभरच्या प्रोग्रॅमरांनी निरोपाच्या ओळी लिहून ठेवल्या आहेत. स्मशानात वही ठेवत नाहीत, आमच्या धंद्यात ती अशी ठेवली गेली.

दरवर्षी या सुमारास रुबीवाले त्यांची आठवण काढतात, दोन ओळी लिहितात आणि कामाला लागतात. मीही तेच करत आले. यंदा मात्र थेट तुम्हाला लिहावंसं वाटलं, कारण जिम गेल्यावर जे घडलं आणि आपल्याकडे असा माणूस गेल्यावर जे घडतं, त्यात फार अंतर आहे. ते अंतर मिटवणं थोडंफार तुमच्या हातात आहे.

आधी त्यांचं काम सांगते. २००३ साली एका सहकाऱ्याशी गप्पा मारताना विषय निघाला की युनिक्सवरच्या मेक नावाच्या जुन्या साधनात रुबी लिहिता आली तर? मेक हा १९७० च्या दशकातला. एक काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर आधी ते उरकायचं, मग हे, अशी कामांची उतरंड लावून देणारा. उपयोगी, पण भारी सोवळा: टॅबच्या जागी स्पेस पडली की अडून बसतो. जिमनी डोक्यात थोडा आराखडा मांडला, आणि मग बसून लिहूनच टाकला. रेक का केला, याचं एक टिपण त्यांनी कोडबरोबरच ठेवलंय. त्याची सुरुवातच अशी की हा कोड लिहायचा माझा मुळीच विचार नव्हता, तो उपयोगाचा आहे अशी माझी खात्री पटलेली नाही आणि कुणाला त्यात रस वाटेल असंही मला वाटत नाही. आपल्याकडे प्रपोजलच्या पहिल्या पानावर असं लिहिलं तर काय होईल, ते तुम्ही मला सांगायला नको.

पुढे रुबीत वेबसाइट उभारायच्या रेल्स या चौकटीने रेक उचलला आणि डेटाबेसमध्ये बदल करणं, टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवणं, सगळंच त्याच्या गळ्यात पडलं. 'रेक डीबी मायग्रेट' ही डेटाबेस बदलणारी आज्ञा पुण्यातल्या किती पोरांनी किती वेळा टाइप केली असेल याचा हिशेब लागणार नाही. २०१६ च्या रेल्स ५ पासून समोर 'रेल्स' टाइप केलं तरी चालतं, पण आत राबतो तो रेकच.

रुबीजेम्सही तसंच, म्हणजे इतरांनी लिहिलेला रुबीचा तयार कोड आणून बसवणारी व्यवस्था. २००३ च्या नोव्हेंबरात टेक्ससमधल्या ऑस्टिनला रुबीकॉन्फ ही रुबीवाल्यांची परिषद भरली होती. तिथे रिच किल्मर, चॅड फाउलर, डेव्हिड ब्लॅक, पॉल ब्रॅनन आणि जिम असे पाच जण बसले आणि पॅकेजांची व्यवस्था उभी करायला लागले. १४ मार्च २००४ ला, म्हणजे गणितवाले ३.१४ वरून ज्याला 'पाय'चा दिवस म्हणतात त्या दिवशी, ती लोकांना मिळाली. आज 'जेम इन्स्टॉल' म्हटलं की जे होतं त्याचं मूळ तिथे आहे. शिवाय एक्सएमएल लिहिण्यासाठी बिल्डर, टेस्टसाठी फ्लेक्समॉक... यादी बरीच आहे, पण मला त्यांच्याबद्दल जे सांगायचंय ते या यादीत नाही.

ते 'रुबी कोआन्स'मध्ये आहे. जो ओब्रायन यांच्याबरोबर जिमनी हे केलं. मी रुबी त्यावर शिकले, आणि माझ्यासारखे शेकड्यांनी असतील. कोआन म्हणजे झेन गुरू शिष्याला घालतो ते कोडं. पुस्तक नाही, व्हिडिओ नाही. एक फोल्डर उतरवून घ्यायचं आणि टर्मिनलवर 'रेक' म्हणायचं. पडद्यावर उत्तर येतं की तुला अजून बोध झालेला नाही, अमुक फाइलच्या तमुक ओळीवर चिंतन कर. ती ओळ उघडली की दिसतं: एका टेस्टमध्ये 'फॉल्स' लिहिलंय आणि शेजारी टिप्पणी आहे, हे 'ट्रू' असायला हवं. तुम्ही एक शब्द बदलता, फाइल सेव्ह करता, पुन्हा 'रेक'. आता शाबासकीची एक ओळ, आणि पुढची अडलेली टेस्ट. अशा अडीचशेहून जास्त पायऱ्या. प्रत्येक ठिकाणी उत्तराच्या जागी दोन अंडरस्कोर, रिकामी जागा भरा. कधी प्रश्न इतका सोपा की हसू येतं. कधी 'निल'ला, म्हणजे रुबीतल्या 'काहीच नाही'ला, मेथड असतात का यावर अर्धा तास जातो, कारण जावा या भाषेतून आलेल्या माणसाच्या मते तिथे काहीच नसायला हवं.

मध्येच फाशांच्या खेळाचे गुण मोजायचे येतात. पाच फासे. तीन एक्के पडले तर हजार, दुसरा कुठला आकडा तिनदा पडला तर त्याच्या शंभरपट, सुटा एक्का शंभराचा, सुटी पंजी पन्नासाची. इथे रिकामी जागा वगैरे नाही. नियम सांगितलेत, टेस्ट लिहून ठेवल्यात, मेथड तुम्ही लिहायची. अठ्ठावीस ओळी लिहा नाहीतर सहा, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, झाल्या की पुढे. सहा ओळींत कसं झालं असतं हे तुम्हाला आपोआप खुपायला लागतं आणि तुम्ही मागे जाऊन पुन्हा लिहिता. कुणी सांगितलेलं नसतं.

या सगळ्यात सुरुवात लाल रंगाने, म्हणजे नापास टेस्टने, होते, याकडे जरा पाहा. आपल्याकडे लाल टेस्ट म्हणजे सकाळच्या स्टँडअपमध्ये 'काल बिल्ड कुणी तोडला' हा प्रश्न. कोआन्समध्ये लाल टेस्ट हाच मास्तर. तो रागवत नाही, घाईही करत नाही, नेमक्या ओळीकडे बोट दाखवून गप्प बसतो. ही कल्पना इतकी चालली की पायथन, जावास्क्रिप्ट, क्लोजर अशा भाषांसाठी इतरांनी आपापली कोआन्स केली.

आता तुम्ही म्हणाल, छान आहे, पण अमेरिकेत लोकांना वेळ असतो. म्हणून मुद्दाम सांगते. कोआन्स आली ती एजकेस या कंपनीच्या नावाने. एजकेस ही काही धर्मादाय संस्था नव्हती. क्लायंटची कामं घेऊन चालणारी ओहायोतली कन्सल्टिंग कंपनी, म्हणजे तुमच्याच जातकुळीतली. जिम तिथले चीफ सायंटिस्ट होते आणि कंपनी पुढे निओ या दुसऱ्या कंपनीत गेली तेव्हा तिथेही तेच पद होतं. एवढ्या वरच्या पदावरचा माणूस 'ट्रू आणि फॉल्स' शिकवणारा धडा लिहीत होता आणि कंपनी त्याखाली आपलं नाव अभिमानाने लावत होती. आपल्याकडे त्या पदावरचा माणूस पॉवरपॉइंट लिहितो.

त्यांचं एक भाषण मी दर वर्षी नव्या मुलांना दाखवते. २०१२ चं, डेन्व्हरच्या रुबीकॉन्फमधलं. सुरुवातीलाच ते बजावतात की याचा रोजच्या कामात काडीचा उपयोग नाही. मग श्रोत्यांना कॅल्क्युलेटर काढायला लावतात. तुम्हीही करून पाहा: मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर रेडियनवर लावा, कुठलाही आकडा टाका आणि कोसाइनचं बटण दाबत राहा. कुठूनही निघालात तरी ०.७३९ च्या आसपास येऊन आकडा थांबतो, मग कितीही दाबा, हलत नाही. हा स्थिर बिंदू. इथून बोट धरून ते तुम्हाला वाय कॉम्बिनेटरपर्यंत नेतात, म्हणजे फंक्शनला स्वतःचं नावही ठाऊक नसताना त्याने स्वतःला कसं बोलवायचं त्या करामतीपर्यंत. स्लाइड जेमतेम, बाकी सगळं लोकांसमोर टाइप करत, एकेक पायरी चालवून दाखवत. विषय असा की कॉलेजात आम्ही तो ऑप्शनला टाकला असता.

ते स्वतःची ओळख करून देतानाही आधी दुसऱ्याचं श्रेय सांगत. कॉलेजातल्या सल्लागाराने त्यांना कॉम्प्युटरचा एक विषय घ्यायला सुचवलं होतं, उपयोगी पडेल आणि कदाचित आवडेलही, एवढंच म्हणून. त्या एका वाक्यावर पुढची पंचवीसहून जास्त वर्षं निघाली: सुपरकॉम्प्युटरवर रॉकेट उड्डाणांची आकडेमोड करण्यापासून एका चिपवरच्या इवल्या कॉम्प्युटरला छोट्या मोटर जोडण्यापर्यंत. फावल्या वेळात युकुलेली वाजवायचे. शेवटच्या वर्षांत रुबीतून ड्रोन उडवायचा नाद लागला होता आणि त्यासाठी त्यांनी जेमही लिहिला.

असा माणूस एका दिवसात गेला. नोटीस पीरियड नाही, हँडओव्हर नाही, आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं, आपण ज्याला केटी म्हणतो, त्याचा एक कॉलही नाही. तरी रेक थांबला नाही. कोड उघडा होता, टेस्ट होत्या, का लिहिलं याचं टिपण होतं, आणि तो कोड वाचून तयार झालेली माणसं होती. हिरोशी शिबाता यांच्यासारख्यांनी देखभाल अंगावर घेतली, आणि आज रेक रुबीच्या अधिकृत छताखाली आहे. आयुष्यभर जो माणूस केटीच देत होता, त्याची वेगळी केटी घ्यायची वेळ आली नाही.

आता आपल्याकडचं. मी आधी जिथे होते त्या कंपनीत एक सीनियर होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही. सगळे त्यांना काका म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. पन्नाशी नुकतीच उलटलेली, म्हणजे आपल्या धंद्याच्या मानाने भीष्माचार्य. नवीन मुलगा अडला की काका त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरायचे. कीबोर्डला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. एकच वाक्य: "एरर काय म्हणतोय, मोठ्याने वाच." निम्म्या वेळा मुलगा वाचता वाचताच थांबायचा, कारण उत्तर त्याच वाक्यात असायचं. उरलेल्या निम्म्या वेळा काका म्हणायचे, "बरं, मग तुला काय वाटतं?" आणि खरंच ऐकून घ्यायचे. हे सगळं संध्याकाळी सहानंतर चालायचं, कारण सहापर्यंतचे तास क्लायंटचे. कोथरूडला घरी पोचायला त्यांना रात्रीचे नऊ वाजायचे. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, असं त्यांच्याच टीममधले काही जण हसून म्हणत.

त्यांच्या अप्रेझलमध्ये दोन वर्षं 'युटिलायझेशन कमी', म्हणजे क्लायंटला बिल लावता येतील असे तास कमी, असा शेरा होता. तो ते स्वतःच चहाच्या टपरीवर सांगायचे आणि वर म्हणायचे, बरोबरच आहे, माझा उपयोग कमीच होतो.

एका रविवारी काका गेले. हार्ट ॲटॅक. सोमवारी एचआरची मेल आली, फोटो, काळी चौकट, 'अ व्हॅल्युएबल मेंबर ऑफ द फॅमिली'. कॅफेटेरियात दोन मिनिटं शांतता. आणि तीन वाजता मीटिंग: त्यांच्याकडच्या मॉड्यूलची केटी कुणाकडे आहे, सर्व्हरचे पासवर्ड कुठे आहेत, लॅपटॉप घरून कधी येईल. मीटिंग घेणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्यावर क्लायंटचं दडपण होतं आणि त्याचे डोळे लाल होते. पण तहान लागल्यावर विहीर खणायची, ती किती खोल असणार? लॅपटॉप आणायला जो मुलगा गेला, त्याला काकांच्या बायकोने चहा केला. तो परत आला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.

त्यानंतर कित्येक आठवडे त्या मॉड्यूलवर चार जण डोकं फोडत होते. तेही बिल झाले नाहीत. म्हणजे ज्या तासांना तुम्ही नॉन-बिलेबल म्हणून कपाळाला आठ्या घालता, ते तास शेवटी तुम्ही भरताच. फक्त माणूस असताना हप्त्याने भरण्याऐवजी तो गेल्यावर एकदम भरता, आणि बदल्यात हाती काही लागत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. टाइमशीटमध्ये 'मीटिंग', 'ट्रेनिंग', 'लीव्ह', 'बेंच' सगळ्याला तास नोंदवायचा कोड आहे. 'शेजारी बसून शिकवलं' याला द्या. 'ट्रेनिंग'मध्ये टाका असं सांगू नका, तो कोड कॉन्फरन्स रूममध्ये तीस जणांना बसवून सर्टिफिकेट वाटण्यासाठी आहे, आणि ती सर्टिफिकेटं कुठे जातात हे आपण दोघंही जाणतो. सीनियरच्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या उद्दिष्टांत, एक ओळ घाला: या वर्षी तुमच्यामुळे कोण स्वतंत्रपणे काम करू लागलं? उत्तर त्या सीनियरला विचारू नका, ज्युनिअरना विचारा. ती मुलं खरं सांगतात, विशेषतः नाव न घालता विचारलं तर.

क्लायंट याचे पैसे देणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः एस्टिमेट लिहिते, दर तासाचा भाव काय आणि मार्जिन किती उरतं हे माहीत आहे. आठवड्याला चार तासही जड जातील अशा छोट्या कंपन्या आहेत आणि त्यांना मी उपदेश करणार नाही. पण शंभरावर माणसं असलेल्यांनी तरी ही सबब सांगू नये. तुम्ही कॉन्फरन्सला स्टॉल लावता, टी-शर्ट वाटता. २०१२ आणि २०१३ ची रुबीकॉन्फ इंडिया आपल्या पुण्यात झाली, २०१४ ची, म्हणजे जिम गेले त्या वर्षीची, गोव्यात. तिथे स्टेजवरून जे जिमसारख्यांबद्दल भरभरून बोललं जातं, ते सोमवारी ऑफिसात आल्यावर कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणखी एक, जरा कडू. आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' म्हणतात, किती माणसं एकदम बसखाली आली तर प्रोजेक्ट बसेल तो आकडा. हा विनोद म्हणून सांगतात. ज्यांच्या टीममध्ये हा आकडा एक आहे त्यांनी तो विनोद करू नये. त्या एका माणसाला सक्तीची रजा द्या, दोन आठवड्यांची, फोन बंद ठेवून. काय अडतं ते लिहून काढा आणि तो परत आल्यावर त्याच्या शेजारी दोन मुलं बसवा. त्याच्या तब्येतीलाही बरं. काकांनी शेवटची सलग रजा कधी घेतली होती हे त्यांच्या मॅनेजरला आठवत नव्हतं.

शिकवणाऱ्याला पुरस्कार देऊ नका, कृपा करून. 'मेंटॉर ऑफ द क्वार्टर' असली काचेची वडी टेबलावर ठेवली की पुढच्या तिमाहीत सगळे मेंटॉर होतात आणि कुणी शिकवत नाही. काकांना ट्रॉफी नको होती, सहाची बस हवी होती. शिकवण्याचं काम सहाच्या आत, कामाचं म्हणून झालं पाहिजे.

अप्रेझलचे फॉर्म एप्रिलच्या तोंडावर निघतात, म्हणजे महिनाभर तुमच्या हाताशी आहे. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना आणि टाइमशीटमध्ये एक कोड वाढवायला अर्ध्या दिवसाच्या वर काम नाही. ते सॉफ्टवेअर रेल्समध्ये असेल तर मी येऊन करून देते, पैसे नकोत. मात्र कुणातरी नव्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा, कीबोर्ड त्यांच्याकडे राहील. मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसमधला बदल, त्यांनी लिहायचं, चालवायचंही त्यांनीच. त्यांचा तो अर्धा दिवस टाइमशीटमध्ये कुठे टाकायचा, एवढं आधी ठरवून ठेवा.

आपली,
रुबीवर पोट भरणारी एक प्रोग्रॅमर